‘पोलिसांत गेलात तर शाळेचं नाव जाईल’

प्रश्न : मी मुंबईतल्या एका खाजगी प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते, प्रोबेशनवर आहे. खेळाचे सर साहित्याच्या खोलीत बोलावतात आणि ‘नको तिथे’ हात लावतात, असं वर्गातल्या एका मुलीने सोमवारी मला सांगितलं. मी लगेच मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, ‘आपण आतल्या आत चौकशी करू, पोलिसांत गेलात तर शाळेचं नाव जाईल.’ मुलीच्या आईलाही बोभाटा नको आहे. सर अजून तास घेत आहेत. मी काय करू?

उत्तर : ताई, आजच पोलिसांना कळवा. मुख्याध्यापिकांना सांगितलंत ते योग्यच केलंत, पण तेवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार, असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्या प्रत्येकाने तो स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचा असतो. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे मुख्याध्यापिकांनाही शांतपणे सांगा. बदलापूरच्या 2024 मधल्या प्रकरणात शाळेच्या जबाबदार मंडळींवरही गुन्हा नोंदला गेला होता.

पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. मुलगी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि तिथेच थांबा. तिला पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करू नका, त्या सरांना जाब विचारायला जाऊ नका. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक अक्षरही नको. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, असं मात्र मुख्याध्यापिकांना आजच लेखी कळवा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. ‘फक्त कपड्यांवरून हात लावला’ असं कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्येच सांगितलं आहे की, त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून गुन्हा टळत नाही. हेतू लैंगिक होता का, ते महत्त्वाचं.

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करूनही मदत मिळते. तरी मी लेखी तक्रारच सुचवेन. पोलिसांनी तक्रारीला नोंद क्रमांक देऊन ती तुम्हाला वाचून दाखवायची असते, आणि तुम्ही कळवलंत याचा तोच पुरावा. नोंद घ्यायला टाळाटाळ करणारा अधिकारीही कलम 21 मध्ये येतो. तुमचं नाव तक्रारीत येईल, पुढे साक्षही द्यावी लागेल, हे आधीच सांगते. पण चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

आईच्या संमतीची कायद्याला गरज नाही. तरीही पोलिसांत जाण्याआधी त्यांना भेटा, कारण त्यांची भीती खोटी नाही. आपल्या वस्तीत बोट मुलीकडेच आधी दाखवलं जातं. त्यांना सांगा, मुलीचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं गुन्हा आहे. जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, गणवेश न घालता, आणि आई जवळ बसू शकते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं; समिती मुलीसाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. सरकारच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यासाठीही अर्ज करता येतो.

शाळेला स्वतंत्र खात्यांतर्गत चौकशी करू द्या, पण पोलिसांत जाण्याऐवजी नव्हे. आणि चौकशी संपेपर्यंत त्या सरांना मुलांपासून दूर ठेवा, अशी मागणी लेखी करा, पोच घ्या.

आता नोकरीचं. प्रोबेशनवर असल्यामुळे तुमची बाजू कायम शिक्षकापेक्षा कच्ची आहे, हे खरं. पण सेवा संपवली, तर 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं, आणि तक्रारीची तारीख तिथे तुमच्या बाजूने बोलेल. राजीनामा मागितला तर देऊ नका. लेखी आदेश मागा.