अ‍ॅमिकसवाल्या जुन्या भयपटांत एवढं आहे तरी काय?

प्रश्न असा आहे की 'डॉ. टेरर्स हाऊस ऑफ हॉरर्स' बघितला, एकदाही दचकायला झालं नाही, तो सरपटत येणारा तुटका हात बघून उलट हसूच आलं, तर तुम्ही मंडळी अ‍ॅमिकस कंपनीच्या या जुन्या ब्रिटिश, चार-पाच गोष्टी जोडलेल्या भयपटांवर एवढी फिदा का? रास्त प्रश्न आहे. त्या हाताला मीही हसतो. पण दचकायचंच असेल तर हल्लीचा कुठलाही भयपट लावा, साउंडवाला तुमचं काम करून टाकेल. या सिनेमांत मजा आहे ती हिशोबाची. कोणीतरी टाय-बीय लावलेला, चारचौघांत मान असलेला माणूस एक हलकटपणा करतो, कधी खुनाएवढा मोठा, पण बरेचदा अगदी चिल्लर, आणि मग पंधरा-वीस मिनिटांत त्याच्याकडून व्याजासकट वसुली होते. आणि वसुली कशी होणार ते त्याच्याच करणीत आधीपासून दडलेलं असतं. एकदा ही नजर बसली की रबरी हात वगैरे आपोआप माफ होतात. (पुढे स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांना चालत नाहीत त्यांनी थेट शेवटच्या दोन परिच्छेदांवर जा.)

तुमचं सुरुवातीचं टोक चुकलं असं मला वाटतं. 'डॉ. टेरर' १९६५ चा, अ‍ॅमिकसचा या प्रकारातला पहिलाच, तेव्हा त्यांचा हात बसायचा होता. मी कुणालाही आधी १९७४ चा 'फ्रॉम बियॉन्ड द ग्रेव्ह' बघायला सांगतो. लंडनच्या एका गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान, टेम्प्टेशन्स लिमिटेड नावाचं. मालक झालाय पीटर कुशिंग, डोक्यावर चपटी टोपी, तोंडात पाइप, यॉर्कशायरकडचा हेल काढून बोलणारा, बघितलं तर वाटेल की या म्हाताऱ्याला कोणीही गंडवेल. आणि गिऱ्हाइकं नेमकं तेच करतात. एक जण खरा जुना आरसा नक्कल आहे असं ठासून सांगून भाव पाडतो. दुसरा, इयन कारमायकेल, दोन तपकिरीच्या डब्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलतो आणि महागडी डबी स्वस्तात नेतो. तिसरा ऑफिसात पिचलेला, घरी बायकोची बोलणी खाणारा कारकून, त्याला रस्त्यावर काडेपेट्या आणि बुटाच्या नाड्या विकणाऱ्या एका माजी सैनिकापुढे मोठेपणा मिरवायचाय म्हणून तो शौर्यपदक मागतो, मालक म्हणतो ते तुमचं असल्याचा कागद दाखवा, तेव्हा हा सरळ पदक खिशात घालून चालू पडतो. बघा, किती फालतू गुन्हे आहेत हे. भुतानं मानगूट धरावी असं यात काय आहे? पण हे आपण सगळ्यांनी केलेले किंवा निदान मनात आलेले गुन्हे आहेत, आणि म्हणून तिकडे आरशातला माणूस रक्त मागायला लागतो किंवा कारमायकेलच्या खांद्यावर न दिसणारं काहीतरी येऊन बसतं तेव्हा आपण हसत असलो तरी एक डोळा स्वतःच्या खिशाकडे जातोच.

खरी गंमत चौथ्या गिऱ्हाइकाची. इयन ओगिल्वी एक भलामोठा कोरीव दरवाजा घेतो, पैसे थोडे कमी पडतात, तो तसं सरळ सांगतो, मालक तेवढ्यात द्यायला तयार होतो, आणि पावती करायला आत जाताना गल्ला उघडा ठेवून जातो. कॅमेरा तिथे थांबतो. त्याने हात घातला की नाही हे दाखवतच नाहीत. मग दरवाजामागे जी निळी खोली आणि तिचा शतकांपूर्वीचा मालक निघतो ते सगळं आपण बघतो, पण डोक्यात सतत चालू असतं की अरे, याने पैसे मारले का? शेवटी कुशिंग गल्ला मोजतो, पैसे बरोबर भरतात, आणि हा प्राणी त्याच्या बायकोसकट वाचतो. अख्खा सस्पेन्स नोटा मोजण्यावर! आधीच्या तिघांना नुसता 'शाप' लागला असता तर मजा नव्हती, चौथा वाचतो म्हणून दुकानाचे नियम पक्के आहेत हे कळतं.

आता 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', १९७२. यातली जोन कॉलिन्सची गोष्ट तर पटकथा लिहिणाऱ्याने समोर ठेवून शिकावी अशी आहे. नाताळची आदली रात्र, नवरा पेपर वाचत बसलाय, ही मागून येऊन शेकोटीतली सळई त्याच्या डोक्यात घालते. विम्याचे पैसे वगैरे. वरच्या मजल्यावर छोटी मुलगी सांताची वाट बघत जागी. रेडिओवर कॅरोल चाललीयेत, मध्येच बातमी येते की एक वेडा खुनी पळालाय आणि त्याने सांताचे कपडे घातलेत. आणि तो हिच्याच दाराशी येतो. आता तिने काय करावं? फोन हातात आहे, पोलीस एका नंबरावर आहेत, पण पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर नवरा पडलाय! म्हणजे आधी रक्त पुसा, प्रेत हलवा, तो अपघात वाटेल असं मांडा, मग पोलिसांना बोलवा. तिला मदत मिळू नये याची व्यवस्था तिने स्वतःच पाच मिनिटांपूर्वी करून ठेवलीये. संवाद जवळजवळ नाहीतच, नुसती ती खिडक्या लावत धावतेय आणि मागे गोड गोड गाणी. आणि एवढी सगळी दारं-खिडक्या बंद करूनही शेवटी सांताला आत कोण घेतं, तर ती छोटी मुलगी, आईला सरप्राइज म्हणून. (ही मुलगी म्हणजे क्लोई फ्रँक्स, आदल्या वर्षीच्या 'द हाऊस दॅट ड्रिप्ड ब्लड'मध्ये ख्रिस्तोफर लीची मुलगी झाली होती, तिथे तर तीच खरी भयंकर आहे.) दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस, मूळचा कॅमेरामन, १९६० च्या 'सन्स अँड लव्हर्स'साठी ऑस्कर घेतलेला, त्यामुळे बजेट तुटपुंजं असलं तरी फ्रेम कधी गरीब दिसत नाही.

याच सिनेमात कुशिंगचा ग्रिम्सडाइक आहे. म्हातारा, कचरा उचलायचं काम केलेला, आजूबाजूच्या पोरांना जुनी खेळणी दुरुस्त करून देणारा, घरात कुत्री आणि गेलेल्या बायकोचा फोटो. समोरच्या बंगलेवाल्याला हा डोळ्यांसमोर नको असतो, कारण काय, तर जागेचा भाव पडतो. मग एकेक करत कुत्री घालवायची, पोरांच्या आयांचे कान भरायचे, आणि व्हॅलेंटाइनला निनावी कार्डांचा गठ्ठा पाठवायचा. म्हातारा एकटा बसून एकेक कार्ड उघडतो आणि प्रत्येकात यमक जुळवून लिहिलेलं, की तू मेलास तर बरं. कुशिंगची बायको हेलन जानेवारी १९७१ मध्ये गेली होती आणि हे शूटिंग त्याच वर्षीचं. तो फोटोशी बोलतो ते सीन बघताना हे माहीत असलं तर अवघड जातं. वर्षभराने ग्रिम्सडाइक मातीतून उठून परत येतो तेव्हा मेकअप चक्क साधा आहे, पण तोवर आपण त्याच्या बाजूने असतो, भुताने काम नीट करावं म्हणून आपणच अधीर. नायकाने वाचावं अशी प्रार्थना करत बघायचा हा सिनेमाच नव्हे.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. इतके अस्सल ब्रिटिश वाटणारे हे सिनेमे काढले दोन न्यूयॉर्कवाल्यांनी, मिल्टन सबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग. रोझेनबर्ग अमेरिकेतून पैशांचं बघायचा, सबॉट्स्की शेपर्टन स्टुडिओत बसून पटकथा आणि एडिटिंग. कथाही बऱ्याचशा अमेरिकन. 'टॉर्चर गार्डन', 'द हाऊस दॅट ड्रिप्ड ब्लड' आणि 'असायलम' रॉबर्ट ब्लॉकने लिहिले, 'सायको' ज्याच्या कादंबरीवरून आला तोच. 'टेल्स' आणि 'व्हॉल्ट ऑफ हॉरर' आले ईसी या अमेरिकन प्रकाशनाच्या हॉरर कॉमिक्समधून. म्हणजे बघा, असल्या हॉरर कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून ब्रिटनने १९५५ मध्ये खास कायदा करून ती बंद केली, आणि सतरा वर्षांनी त्याच गोष्टी ब्रिटिश स्टुडिओत बनल्या, 'टेल्स'मध्ये भुयारात अडकलेल्या सगळ्यांचा हिशोब वाचणारा झाला सर राल्फ रिचर्डसन, शेक्सपिअर गाजवलेला नट, आणि सुरुवातीला बाखचा ऑर्गन! मोठे नट मिळायचे याचं कारण अगदी व्यवहारी होतं, पाच गोष्टी म्हणजे एकेका स्टारचं काम थोड्या दिवसांचं, त्यामुळे पोस्टरवर सात नावं आणि पैसे मात्र बेताचे. पण त्याचा फायदा असा झाला की पडद्यावर सगळे कसलेले रंगभूमीवाले, आणि ते कॉमिकमधला मूर्खपणा अगदी चेहरा सरळ ठेवून करतात. कोणी डोळा मारत नाही. हॅमर या दुसऱ्या ब्रिटिश भयपट कंपनीवाले किल्ले, बग्ग्या आणि जुने पोशाख यात रमलेले असताना अ‍ॅमिकसची भुतं आजच्या घरात यायची, फ्रीझरमध्ये, लिफ्टमध्ये, लोकलच्या डब्यात. 'असायलम'मध्ये रिचर्ड टॉड बायकोचे तुकडे करून खाकी कागदात सुतळीने बांधून तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवतो, वाण्याकडच्या पुड्यांसारखे नीटनेटके, आणि मग त्यातला डोक्याचा पुडा श्वास घ्यायला लागतो, कागद आत, कागद बाहेर. खर्च किती, तर कागद आणि सुतळी. तुमच्या त्या रबरी हातापेक्षा दसपट चालतं ते.

या सगळ्यांचं मूळ घर म्हणजे ईलिंग या ब्रिटिश स्टुडिओचा 'डेड ऑफ नाइट', १९४५. सबॉट्स्की त्याचा भक्त होता. एक आर्किटेक्ट एका गावातल्या घरी येतो आणि म्हणतो, तुम्हा सगळ्यांना मी स्वप्नात आधी बघितलंय. मग एकेक पाहुणा आपला अनुभव सांगतो. आरशाची गोष्ट आहे, ज्यात नवऱ्याला आपल्या खोलीऐवजी दुसरीच जुनी खोली दिसते, आणि शेवटी मायकेल रेडग्रेव्ह आणि त्याचा बोलका बाहुला ह्यूगो. आपण तात्या विंचू बघून मोठे झालो, त्यामुळे बोलक्या बाहुल्याचं भय आपल्याला नवीन नाही, पण तात्याला मारामारी करावी लागते, ह्यूगो नुसता मालकाला टोमणे मारतो आणि माणूस खलास. आणि शेवट असा की सिनेमा जिथून सुरू झाला तिथेच परत जातो, आता हे कायम चालणार. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल, थॉमस गोल्ड आणि हर्मन बॉन्डी या शास्त्रज्ञांनी हा सिनेमा बघितला आणि गोल्डच्या डोक्यात आलं की विश्वालाही सुरुवात-शेवट नसेल तर? त्यातून १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत निघाला अशी प्रसिद्ध हकिगत आहे. हेच हॉयल पुढे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. भयपटाने विश्वरचनाशास्त्राला धक्का दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आणि हो, अ‍ॅमिकसचे दोन सिनेमे बघितलेत की चौकटीचा, म्हणजे सगळ्या गोष्टी जोडणाऱ्या बाहेरच्या कथेचा, ट्विस्ट तिसऱ्यात कळतोच, रेल्वेच्या डब्यातले, लिफ्टमधले, भुयारातले लोक बहुधा आधीच मेलेले असतात. कळू दे की. वेताळाची गोष्ट ऐकतानाही तो शेवटी झाडावर परत जाणार हे माहीतच असतं. मजा ही की बिचाऱ्यांना माहीत नाही, आणि ते 'माझा काय संबंध, मला निघायचंय' अशा तोऱ्यात बसलेत.

सगळं सोनं आहे असं मात्र नाही. 'डॉ. टेरर'मधली वेलीची गोष्ट झोप आणते, 'टॉर्चर गार्डन'मध्ये चक्क मत्सरी पियानो बाईला मारतो (तो एकदा बघाच, पण भुकेल्या पोटी नको). 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'मध्ये भारतात घडणारी दोरीच्या जादूची गोष्ट आहे, तो भारत इतका स्टुडिओछाप आहे की आपल्याला वेगळ्याच कारणाने करमणूक होते, मात्र त्यातही गुन्हा बघा, युरोपियन जादूगार जोडपं एका मुलीची युक्ती चोरायला तिचा जीव घेतं, म्हणजे वसुली कुणाकडून होणार ते ठरलेलं. वूडूच्या, म्हणजे कॅरिबियनकडच्या जादूटोण्याच्या, गोष्टी आज बघताना खटकतात, नायकांचा 'नेटिव्ह' लोकांकडे बघायचा सूर ऐकवत नाही.

क्रम विचाराल तर आधी 'फ्रॉम बियॉन्ड द ग्रेव्ह', मग 'टेल्स', मग 'असायलम', मग मागे जाऊन 'डेड ऑफ नाइट'. त्याची पाच गोष्टींची प्रिंट शोधा, अमेरिकेत लावताना गोल्फची आणि नाताळची गोष्ट कापली होती आणि मग शेवटच्या स्वप्नात ही माणसं कुठून आली तेच कळत नाही. गोल्फची गोष्ट विनोदी आणि फुसकी आहे हे मान्य, तरी ती हवी, तिच्यामुळेच लगेच पुढचा ह्यूगो जास्त लागतो. 'व्हॉल्ट'चंही तेच, काही प्रिंट्समध्ये रक्तपिपासूंच्या हॉटेलातला शेवटचा शॉट झाकून टाकलाय, न कापलेली आवृत्ती मिळाली तरच बघा. 'टेल्स दॅट विटनेस मॅडनेस' दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिसच असल्यामुळे अ‍ॅमिकसचा म्हणून खपवतात, तो त्यांचा नाही आणि त्यात जोन कॉलिन्सची सवत एक झाड आहे, तर तो कधी बघायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.