भद्रावतीचं पोलाद गाव कसं उभं राहिलं आणि आता अवस्था काय?

आधी एक, ही चंद्रपूरजवळची भद्रावती नाही हां, कर्नाटकात शिमोग्याजवळ भद्रा नदीवरची. जुनं नाव बेंकीपूर. म्हैसूर संस्थानाने इथे लोखंडाचा कारखाना काढला, १९२३ ला भट्टी पेटली, चेअरमन विश्वेश्वरय्या. गंमत म्हणजे दगडी कोळसा जवळपास कुठेच नाही, मग मलनाडचं (तिथला डोंगराळ पट्टा) जंगल तोडून लाकडाचा कोळसा करायचा आणि त्यावर केम्मनगुंडीच्या डोंगरातलं लोहखनिज वितळवायचं, वर लाकडाच्या धुरातनं स्पिरिट पण काढायचे, काही वाया नाही! (जंगल गेलं ते सोडा.) पुढे १९५२ च्या सुमारास जोगच्या धबधब्याची वीज मिळाली तेव्हा विजेच्या भट्ट्या आल्या.

गाव सगळं कारखान्यावरच. अजूनही न्यू टाऊन, पेपर टाऊन अशीच नावं आहेत, कारण संस्थानाने नंतर पेपर मिल पण तिथेच टाकली. पण छोटा जुना प्लांट, स्वतःची खाण चालू नाही, मोठ्या प्लांटपुढे टिकणार कसा? १९८९ ला सेलकडे (केंद्र सरकारची पोलाद कंपनी) गेला तरी तोटा काही थांबेना, आणि जानेवारी २०२३ मध्ये सेलने बंद करायचं ठरवल्यावर काँट्रॅक्ट कामगार गेटसमोर आंदोलनाला बसले. पेपर मिल तर त्याआधीच बंद पडली होती, म्हणजे तेव्हा एका गावाचे दोन्ही पगार गेल्यातच जमा होते.