दोन ट्रिपच्या मध्ये कॅम्परव्हॅनची पाण्याची टाकी भरून ठेवावी की रिकामी?

रिकामी. पूर्ण रिकामी, कोरडी आणि सगळे नळ उघडे ठेवून.

तुम्ही लिहिलंय की गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-दोन महिने उभी असते, निघायच्या वेळी नळाच्या पाण्याला वास येतो, तर कोणती गोळी किंवा लिक्विड टाकलं म्हणजे वास जाईल. शिवाय तुमचा एक मित्र म्हणतो की टाकी भरलेलीच बरी, नाहीतर आतलं रबर सुकतं. गोळीचं नंतर बघू. आधी तुमच्या मित्राबद्दल बोलतो, कारण हेच वाक्य मी 2022 पासून माझ्या साडूंच्या तोंडून ऐकतोय.

गाडी आम्हा दोघा साडूंची आहे. 2019 मध्ये जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली आणि एका वर्कशॉपमधून कॅम्परव्हॅन करून घेतली. मागच्या बेडखाली 90 लिटरची फूड-ग्रेड टाकी, बारा व्होल्टचा डायफ्रॅम पंप (रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा), बाहेरची वीज जोडली की चालणारा सहा लिटरचा गिझर, ओट्यावर एक नळ आणि मागच्या दारात शॉवर. मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये 26 वर्षं काढली, त्यातली निम्मी कूलिंग टॉवरच्या, म्हणजे कारखान्यातलं गरम पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याच्या, पाण्यामागे धावण्यात. साचलेलं कोमट पाणी काय करतं हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही दिवाळीनंतर जे झालं त्यात माझा हात होता, हे आधीच सांगतो.

2022 च्या मे महिन्यात साडू गाडी घेऊन महाबळेश्वरला जाऊन आले आणि येताना टाकी काठोकाठ भरून गाडी लावली. "पुढच्या वेळी तयार असलेली बरी," असं त्यांचं म्हणणं. मग पावसाळा आला. जून ते ऑक्टोबर गाडी जागची हलली नाही. नोव्हेंबरमध्ये हरिहरेश्वरला जायचं ठरलं. आदल्या रात्री मी टाकीचा गेज पाहिला, पाऊण टाकी भरलेली दिसली. वर वीस-पंचवीस लिटर भरलं आणि झोपलो. जुनं पाणी सोडून द्यायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मी दिला नाही.

आम्ही सहा जण होतो, त्यात आमच्या सासूबाई. वय 74. नारायण पेठेतल्या वाड्यात संसार झालेला. घरी चोवीस तास पाणी आलं तरी त्यांची सवय मोडली नव्हती: सकाळी उठलं की हंडा-कळशीतलं शिळं पाणी तुळशीला आणि मोरीत, भांडी चिंचेने घासायची, गाळणं बांधायचं आणि मग ताजं पाणी भरायचं. पिण्यासाठी आम्ही वीस लिटरचा जार घेतला होता. टाकीचं पाणी भांडी, तोंड धुणं आणि अंघोळीपुरतंच वापरायचं, हे सगळ्यांना सांगितलेलं होतं. पण रात्री त्या गोळी घ्यायला उठल्या. जार पायरीजवळ खाली ठेवलेला, अंधारात वाकून तिरपा करायला जड. कुणाची झोपमोड नको म्हणून त्यांनी ओट्यावरच्या नळाखाली फुलपात्र धरलं. दुसऱ्या रात्रीही तेच.

तिसऱ्या दिवशी पहाटे बायकोने मला हलवलं, "अहो, उठा, आईला काहीतरी होतंय." जुलाब, उलट्या, हातपाय गार. श्रीवर्धनला एका दवाखान्यात नेलं, दीड दिवस सलाईन लावलं. त्या कॉटवर इतक्या लहान दिसत होत्या की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. फुलपात्राचं त्यांनी सांगितलं तेही घाबरत घाबरत, जणू चूक त्यांचीच होती.

साडूंनी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर बसून निकाल दिला: खानावळीतली सोलकढी बाधली. सोलकढी आम्ही सहाही जण प्यायलो होतो. नळाचं पाणी त्या एकट्याच प्यायल्या होत्या.

पुण्यात आल्यावर मी पहिलं काम केलं ते पंपाचा स्ट्रेनर उघडण्याचं. पंपाच्या तोंडाशी एक छोटी पारदर्शक वाटी असते, आत स्टीलची बारीक जाळी. वाटी फिरवून काढली तर जाळी दिसेचना. तिच्यावर तपकिरी रंगाचा बुळबुळीत गोळा बसला होता, भिजलेल्या सब्जासारखा, बोट लावलं की तार धरणारा. टाकीचं झाकण काढून आत हात घातला, भिंतींवरून बोट फिरवलं, तर शेवाळ धरलेल्या विहिरीच्या पायरीसारखा थर. आणि वर्कशॉपवाल्याने पंपापासून नळापर्यंत जो पारदर्शक ब्रेडेड (आत दोऱ्याची जाळी असलेला) पाइप टाकला होता, तो खिडकीच्या बाजूला, जिथे उजेड पडतो तिथे, आतून हिरवा झालेला. हे सगळं ज्या पाण्यात होतं ते ग्लासात घेतलं की स्वच्छ दिसत होतं.

आता साडूंचे दोन मुद्दे, कारण तुमच्या मित्राचेही तेच असणार.

पहिला: पाणी कधी शिळं होतं का, खडकवासला धरणात वर्षभर राहतंच ना. राहतं. पण खडकवासल्याचं पाणी कुणी थेट पीत नाही. ते पर्वतीच्या जलकेंद्रात आणि इतर ठिकाणी गाळलं जातं, त्यात क्लोरीन घालतात आणि मग ते आपल्या नळाला येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आहे. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याची राखण. बंद गाडीत, एप्रिल-मेच्या उन्हात ते काही दिवसांतच संपतं. त्यानंतर टाकीत उरतं ते राखण नसलेलं कोमट पाणी. 20 ते 45 अंश हा लिजिओनेलासारख्या (न्यूमोनिया करणाऱ्या) जिवाणूंच्या वाढीचा पट्टा आहे, आणि पुण्यात उभ्या गाडीची टाकी वर्षातले बहुतेक दिवस याच पट्ट्यात असते. लिजिओनेला तर प्यायलाही लागत नाही, शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातो. कूलिंग टॉवरवर आम्ही मास्क लावून उभे राहायचो ते याच भीतीने.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू सापडला, तेव्हा अख्खं पुणं पाणी उकळायला लागलं. साडूंच्या घरीही उकळत होते. मी फोन करून विचारलं, घरचं पाणी उकळता, मग गाडीच्या टाकीतल्या पाच महिन्यांच्या पाण्याचं काय? त्यांनी विषय बदलला.

दुसरा मुद्दा रबराचा. डायफ्रॅम पंप थोडा वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही, आणि रिकामा उभा राहिला तर अजिबातच नाही. थंड देशांत हिवाळाभर गाड्या अशाच पाणी काढून ठेवतात, नाहीतर आत बर्फ होऊन पाइप फुटतो. नळाचा एखादा वॉशर सुकलाच तर पहिल्या दिवशी दोन थेंब गळेल. दहा रुपयांच्या वॉशरसाठी माणसाला सलाईन लावायची वेळ आणणं मला पटत नाही. मी हे सासूबाईंच्या देखत म्हणालो होतो आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

आता तुमची गोळी. वास जाईल अशी एकही गोळी मी तुम्हाला सांगणार नाही, कारण वास हा रोग नाही. आधी हे ओळखा की वास गार पाण्याला येतो की फक्त गरम. फक्त गरम पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा येत असेल तर गिझरमधला गंज रोखणारा मॅग्नेशियमचा रॉड आणि पाण्यातले जिवाणू यांचा तो खेळ आहे. गिझर रिकामा करून धुवा, रॉड तपासा. गार पाण्यालाही येत असेल तर टाकी आणि पाइप. आणि बुळबुळीत थर तसाच ठेवून वरून औषध ओतलंत तर क्लोरीन त्या थराच्या वरच्या वर संपतं, खाली पोचतच नाही. आधी हाताने घासायचं. टाकीला हात जाईल एवढं झाकण नसेल तर बसवून घ्या, दुसरा उपाय नाही.

घासून झालं की बाजारात मिळणारं साधं, वासाचं अत्तर नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे लिक्विड ब्लीच, घ्या. बाटलीवर 5 टक्के लिहिलेलं असेल तर टाकीच्या दर लिटरला एक मिली, म्हणजे माझ्या टाकीला 90 मिली. याने साधारण 50 पीपीएम, म्हणजे लिटरला 50 मिलिग्रॅम, क्लोरीन होतं, नळाच्या त्या किमान मात्रेच्या अडीचशे पट, म्हणून हे पाणी तोंडातही घ्यायचं नाही. उन्हात पडलेली जुनी बाटली नको, तिचा जोर गेलेला असतो. आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओता, टाकी गळ्यापर्यंत भरा. फिल्टरची कार्ट्रिज आधीच काढून ठेवा. प्रत्येक नळ, गरम बाजूही आणि शॉवरही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. गाडी सोसायटीभोवती दोन चकरा फिरवा म्हणजे टाकीचं छतही भिजेल. चार तास ठेवा, सगळं सोडून द्या, दोनदा ताज्या पाण्याने भरून काढा. ग्रामपंचायतीत वापरतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर चालते का असं बरेच विचारतात. चालते, पण तिचा चुना खाली बसतो आणि स्ट्रेनर बंद करतो, म्हणून मी वापरत नाही. व्हिनेगर किंवा लिंबूसत्व क्षार काढायला वेगळ्या दिवशी वापरा. ब्लीचसोबत कधीही नाही, विषारी वायू होतो.

आणि ट्रिपवरून परत आल्यावर, त्याच दिवशी: गिझर बंद करा आणि गार होऊ द्या, नाहीतर रिकाम्या टाकीत कॉइल जळेल. गाडी पार्किंगच्या उतारावर अशी लावा की ड्रेन कॉकची, म्हणजे टाकी रिकामी करायच्या तोटीची, बाजू खाली येईल. कॉक उघडा, सगळे नळ उघडा, पंप खोकायला लागेपर्यंत चालवा. गिझर त्याच्या स्वतःच्या ड्रेनमधून सोडा. शॉवरचा पाइप खाली लोंबता ठेवा, त्याच्या वेटोळ्यात पाव लिटर पाणी सहज राहतं. स्ट्रेनर धुऊन कोरडा करा. टाकी आतून फडक्याने पुसा आणि उघड्या तोंडावर मलमल बांधा. ही मलमल महत्त्वाची, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि त्याला वाटीभर पाणी पुरतं.

ड्रेन कॉक हा शब्द मी सहज लिहिला, पण खरा घोळ तिथेच आहे. आमच्या गाडीत तो टाकीच्या बाजूला, तळापासून एक इंच वर बसवला होता. टाकी 75 सेंटिमीटर लांब, 40 रुंद. म्हणजे एका इंचाला साडेसात लिटर. आम्ही तीन वर्षं टाकी "रिकामी" केली तेव्हा दर वेळी साडेसात लिटर आतच राहत होतं. मी साडूंना दोष देतो, पण हा दोष ना त्यांचा ना माझा, तो वर्कशॉपवाल्याचा, आणि पैसे मोजून घेताना तो आम्हा दोघांनाही दिसला नाही. आता तळालाच भोक पाडून कॉक बसवलाय, पारदर्शक पाइप काढून अपारदर्शक टाकलाय, आणि भरायला वेगळा पाइप ठेवलाय. बागेच्या हिरव्या पाइपने टाकी भरणाऱ्याला मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. दर शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढत असाल तर एवढं सगळं दर वेळी करायची गरज नाही, दर आठवड्याला पाणी बदला आणि दोन-तीन महिन्यांनी क्लोरीन द्या. टाकी स्टीलची असेल तर क्लोरीनचं पाणी रात्रभर ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. वाघोली-हिंजवडीकडे टँकर किंवा बोअरचं पाणी भरत असाल तर क्षार वेगळे बघावे लागतील. आणि सासूबाईंचं दुखणं त्या पाण्यानेच आलं हे मला सिद्ध करता येणार नाही. दवाखान्यात कुणी पाणी तपासलं नाही आणि मीही घाईत टाकी धुऊन टाकली, नमुना ठेवला नाही. साडू याच फटीत पाय रोवून उभे आहेत. पण त्या घटनेनंतर सासूबाई आमच्या गाडीत एकदाही बसलेल्या नाहीत, आणि एवढं मला पुरेसं आहे.

तुमच्या टाकीची लांबी, रुंदी आणि ड्रेन कॉक तळापासून किती वर आहे ते मोजून इथे लिहा. आत किती पाणी राहतंय ते मी काढून देतो.