लॅबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला काय सांगून ठेवू?

लेक पहिल्यांदाच केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जाणार, अ‍ॅसिडची फार धास्ती वाटते असं तुम्ही लिहिलंय. मी २२ वर्षं शाळेची लॅब सांभाळते, तुमची काळजी अगदी कळते. पण अ‍ॅसिडची बाटली दिसली की पोरं आपोआप हात आखडूनच वागतात, माझा जीव टांगणीला लागतो तो प्रयोग संपत आल्यावर, कारण तेव्हा गॉगल कपाळावर जातात.

एकदा असंच एक मुलगी स्वतःचं काम आटपून बेसिनवर टेस्टट्यूब धूत होती, गॉगल वर सरकवलेला. शेजारचा मुलगा कॉस्टिक सोड्याचं द्रावण तापवत होता, ट्यूब अर्ध्याच्या वर भरलेली आणि ज्योत एकाच जागी तळाशी धरलेली. तळाला एकदम वाफ झाली आणि वरचं सगळं पिचकारीसारखं उडालं, ट्यूबचं तोंड नेमकं तिच्याकडे. भुवईवर आणि गालावर आलं, डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून माझ्याकडे शेवटचा बर्नर विझेपर्यंत कुणाचाच गॉगल निघत नाही, वही लिहीत बसलेल्याचा पण नाही.

आणि कॉस्टिक सोडा साधा समजू नका हं. बोटाला लागला की बुळबुळीत लागतं ना, ते कातडीवरच्या तेलाचा साबण होत असतो म्हणून. डोळ्यात गेला तर तो आत आत मुरत जातो, अ‍ॅसिडइतकाच, बरेचदा जास्तच घातक.

त्यामुळे तापवायचं कसं हे तिला नीट सांगा. ट्यूब एक तृतीयांशच भरायची, होल्डरमध्ये तिरपी धरायची, ज्योतीवर सारखी हलवत राहायची, तोंड कुणाकडेच नको, स्वतःकडेही नको, आणि वरून डोकावून तर अजिबात बघायचं नाही. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच, म्हणून उचलायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागते का बघायचं. स्पिरिट लॅम्पची ज्योत उजेडात नीट दिसत नाही, तो झाकणानेच विझवायचा, आणि गरम असताना त्यात स्पिरिट भरायचं नाही. केस घट्ट बांधलेले, बाह्या लोंबत्या नकोत, पायात बंद बूट.

अ‍ॅसिडचं म्हणाल तर मुलांच्या हातात बहुतेक डायल्यूटच, म्हणजे भरपूर पाणी मिसळून सौम्य केलेलंच देतात. तरी पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही, हे का ते तिला समजू दे. कॉन्सन्ट्रेटेड, म्हणजे तीव्र, सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्याच्या जवळजवळ १.८ पट जड, वरून पाणी ओतलं की ते वरच राहतं, मिसळताना इतकी उष्णता निघते की पाणी तिथल्या तिथे उकळून अ‍ॅसिडसकट तोंडावर उडतं. हळूहळू पाण्यात अ‍ॅसिड सोडून ढवळत राहिलं की तीच उष्णता सगळ्या पाण्यात पसरते.

वास घ्यायचा तर हाताने वारा घालून, लांबूनच. पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडाने ओढायची नाही, त्याला रबरी फुगा असतो. लेबल दोनदा वाचायचं कारण पांढऱ्या पावडरी सगळ्या एकसारख्याच दिसतात.

आणि काही उडालंच तर लगेच नळाखाली, डोळा असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान २० मिनिटं वाहतं पाणी, मग सरळ डॉक्टरकडे. अ‍ॅसिडवर खायचा सोडा चोळणं वगैरे कातडीवर करायचं नाही, त्याने आणखी भाजतं. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात हो, नेमकी तीच पहिली मिनिटं वाया जातात, म्हणून आधीच सांगून ठेवा की काच फुटली, काही सांडलं तरी घरी कुणी रागावणार नाही. मी रोज पहिल्या तासाच्या आधी प्रत्येक बेसिनचा नळ सोडून बघते, तिलाही पहिल्या दिवशी आपल्या टेबलाजवळचा नळ कुठे आहे आणि त्याला पाणी येतंय ना, हे बघायला सांगा.