पक्ष्याचा फोटो किती क्रॉप करावा?

तुम्ही विचारलंय: नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात दोन रविवार घालवले, ३०० एमएमची लेन्स नेली, तरी पक्षी फोटोत शेंगदाण्याएवढाच येतो. मग क्रॉप करून, म्हणजे फोटोच्या कडा कापून, तो फ्रेमभर करावा, की भोवतीचं पाणी-गवत राहू द्यावं?

माझं मत विचाराल तर राहू द्या. मीही आधी शेंगदाण्याचा नारळ करायच्या मागे होते, त्यातली एक फजिती सांगते.

तिथल्याच चापडगावच्या काठावर जानेवारीतली सकाळ. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, बोटं शटरवर वळत नव्हती. एक दलदल भोवत्या (मार्श हॅरियर, शिकारी पक्षी) पाण्याला लगटून सरकत आला आणि मी धडाधड दहा-बारा फ्रेम घेतल्या. घरी येऊन त्यातली एक इतकी कापली की भोवत्याचे पंख दोन्ही कडांना टेकले. ग्रुपवर टाकली, अंगठे आले, मी खूश. महिनाभराने सहज मूळ फाइल उघडली तर डाव्या कोपऱ्यात वारकऱ्यांचा, म्हणजे कूट नावाच्या पाणपक्ष्यांचा थवा! काळी अंगं, पांढरी कपाळं, सगळे एकमेकांना खेटून गोळा झालेले. शिकारी पक्षी डोक्यावर आला की ते असेच एकवटतात. म्हणजे त्या फोटोत जे घडत होतं तेच मी कापून टाकलं होतं, आणि उरला होता एक तपकिरी पक्षी, जो कुठल्याही गावच्या आभाळात तसाच दिसला असता. नशीब, मूळ फाइल शाबूत होती. तेव्हापासून क्रॉप केलेली प्रत नेहमी वेगळ्या नावाने ठेवते.

आता थोडं गणित. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल असतो. लांबी-रुंदी निम्मी केली की ३००० बाय २०००, म्हणजे ६ मेगापिक्सेल. चौथा हिस्सा उरला. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला गेलात तर १० इंच रुंद. ठीक आहे. अजून एकदा निम्मं केलंत तर दीड मेगापिक्सेल आणि जेमतेम ५ इंच. मोबाइलवर हेही चालून जातं, पण क्रॉपने पक्षी जवळ येत नाही हो, दोष जवळ येतात: हाताची थरथर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवल्याने येणारे दाणे आणि आपल्याकडे मुख्य म्हणजे उन्हाची झळ. ऊन वर आलं की पाण्यावरची हवा लकाकायला लागते. लांबचा चित्रबलाक तेव्हा कितीही फोकस करा, पिसांचा लगदाच दिसतो. म्हणून छोटा पक्षी मोठा करण्यापेक्षा पहाटे निघून सूर्योदयाला काठावर बसलेलं बरं.

घट्ट क्रॉप कधीच नको असं मात्र नाही. हळदीकुंकू बदक घ्या. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपका. नाव कशावरून पडलं ते दाखवायचं तर डोकं-चोच जवळूनच हवी. तिथे मी बिनधास्त कापते. नुसताच ‘मोठा दिसावा’ म्हणून नाही.

खरी मेहनत फोटो काढतानाची आहे. कापून कमी करता येतं, नसलेलं आणता येत नाही. फोकसचा ठिपका मधे असतो म्हणून पक्षी मधोमध येतो. येऊ द्या, पण चहूबाजूंनी जागा सोडा. नंतर क्रॉप करताना तो ज्या दिशेला बघतोय तिकडे जास्त पाणी ठेवा. पाणी तिरकं आलं असेल तर सरळ करताना कोपरे जातात, त्यासाठीही ही जागा लागते. उभ्या करकोच्याचे पाय गुडघ्यात छाटू नका. पाय पाण्यात बुडाले असतील तर खाली तेवढं पाणी असू द्या, नाहीतर तो तरंगल्यासारखा दिसतो. प्रतिबिंब एक तर पूर्ण घ्या, नाहीतर सरळ वगळा. अर्धं प्रतिबिंब मला बाहीच नसलेल्या शर्टासारखं वाटतं.

निरीक्षण मनोरे पक्षी शोधायला उत्तम, फोटोला तितकेसे नाहीत. वरून काढलं की मागे नुसतं पाणी येतं, पक्षी त्यावर चिकटवल्यासारखा. काठावर बैठक मारली की मागची पाणवनस्पती, पलीकडची झाडं धूसर होऊन येतात आणि गोदावरी-कादवाच्या संगमावरची ही पाणथळ कशी आहे ते कळतं. २०२० साली राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून जिला मान मिळाला, ती फोटोतून पुसून काय मिळवायचं?

एकाच बाबतीत मी उलटं सांगेन. घरटं दिसलं तर लांबूनच बघा आणि निघा. चुकून फ्रेममध्ये आलंच, तर मात्र झाड, बांध, ओळखीची खूण सगळं कापा किंवा फोटो टाकूच नका. एकदा मी कवड्या धीवराचं (काळा-पांढरा खंड्या) काठातलं बीळ, म्हणजे त्याचं घरटंच, मागच्या ऊसाच्या शेतासकट टाकलं होतं. पुढच्या रविवारी तिथे तीन ट्रायपॉड उभे होते आणि धीवर चोचीत मासा धरून तारेवर बसला होता, बिळात जायची छाती होत नव्हती त्याची.