नववीत दाखला काढून घेण्यापूर्वी

“शाळा म्हणते, मुलाचा दाखला काढून घ्या. आता त्याचे आयुष्य वाया जाणार का?” हा प्रश्न पालकांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. विचारणाऱ्यांची मुले बहुतेक नववीत असतात, आणि त्याला कारण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. नववीत हे कवच संपते, दहावीच्या निकालाची काळजी सुरू होते आणि सतत गैरहजर राहणारे मूल शाळेला जड होऊ लागते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका मुलाविषयी सांगतो. “याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा,” असे शाळेने सुचवले होते. बाहेरून परीक्षा देणे वडिलांना अपमानास्पद वाटत होते. आईची भीती निराळी होती: “सर, लोकांचे सोडा, तो स्वतःलाच टाकाऊ समजायला लागला तर?” मुलगा मात्र गप्प होता.

शाळा का बुडवतोस, हे त्याला सर्वांनी विचारून झाले होते. मी विचारले, “तू गेला नाहीस, तर ते आधी कोणाच्या लक्षात येते?”

“कोणाच्याच नाही. हजेरी घेताना कळते.”

“आणि गेलास तर?”

तो बराच वेळ थांबला. “तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात येते. आज कसा उगवला, म्हणतात.”

त्या उत्तराने सारे चित्र पालटले. आळस, उनाडपणा, मारामाऱ्या ही त्याच्या वागण्याला दिलेली नावे होती. माणसांत आपल्याला जागा आहे का, हा त्याचा खरा प्रश्न होता. मुलाचे वागणे या प्रश्नापासून तोडून समजत नाही, ही माझी जुनी धारणा आहे आणि कामात ती मला पुनःपुन्हा खरी ठरलेली दिसते.

पुढे मी त्याला विचारले, “त्यांनी काढले तर काय करशील, आणि तू स्वतः निघालास तर काय करशील?” पुढच्या भेटीत तो उत्तर घेऊनच आला: “काढलं तर घरी बसेन. मी निघालो तर परीक्षा देईन.” निर्णय त्याचा झाल्यावरच आम्ही पर्यायांची माहिती काढली.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाच्या १४ व्या वर्षापासून दहावीसाठी नोंदणी होते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. हे प्रमाणपत्र पुढील शिक्षणासाठी मान्य असते, हे कळल्यावर वडिलांचा विरोध बराच मावळला.

तरीही पालकांना मी सावध करतो. मुक्त विद्यालयाचा बराचसा भार स्वयंअध्ययनावर असतो. ज्याची अनुपस्थिती कोणाला जाणवत नव्हती, त्याच्या हाती पुस्तके देऊन त्याला घरी बसवले, तर आधीचीच स्थिती कायम राहते. म्हणून दाखला काढण्यापूर्वी मुलाचे मत घ्यावे, परत शाळेत येण्याची वाट आहे का हे विचारावे, आणि तो एक दिवस आला नाही तर त्याच दिवशी कोण चौकशी करील, याचे ठोस उत्तर मिळवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी पर्यायी व नावीन्यपूर्ण शिक्षण केंद्रांचा उल्लेख आहे. अशा केंद्रांची मान्यता ठरवताना इमारत आणि पटसंख्येआधी हा शेवटचा प्रश्न विचारला जावा, असे माझे ठाम मत आहे. अन्यथा ती केंद्रे नियमित शाळांना नकोशी झालेली मुले ठेवण्याच्या जागा होतील.

या मुलासाठी आम्ही एक निवृत्त शिक्षिका शोधल्या, ज्या तो आला नाही की त्याच सकाळी घरी फोन करीत. पहिल्या परीक्षेला त्याने दोनच विषय दिले. एक सुटला, दुसरा राहिला, आणि राहिलेल्या विषयाचा पुढच्या सत्राचा अर्ज त्याने स्वतः भरला.