ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याने वाळूजच्या निर्यातदाराला काय फरक पडतो?

मोठा फरक पडतो, कारण पूर्वी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात एकदा सीमाशुल्क भरलं की माल पुढे ब्रिटनला मोकळा जायचा, आता तिथे पुन्हा शुल्क लागू शकतं. वाळूजच्या कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं करतो, म्हणून हे सांगतोय. 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटन आणि युरोपीय संघात शून्य शुल्क आहे, पण ते त्यांच्याकडे तयार झालेल्या मालालाच. आपल्याकडे बनलेला गिअरचा भाग जर्मनीतल्या गोदामातून गेला म्हणून जर्मन होत नाही. इथेच बरेच जण फसतात आणि दोनदा शुल्क भरून बसतात. तेव्हा ब्रिटनची ऑर्डर थेट ब्रिटनलाच पाठवा, नाहीतर युरोपात बॉन्डेड गोदामात, म्हणजे माल ठेवला तरी तिथलं शुल्क लगेच भरावं लागत नाही अशा गोदामात, ठेवा.

ब्रिटनला स्वतःलाही हे महागात पडलं: सरकारी अर्थकारणाचे अंदाज बांधणाऱ्या तिथल्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीच्या मते, संघात राहिले असते त्यापेक्षा दीर्घकाळात उत्पादकता 4 टक्क्यांनी कमी राहील, आणि कॅमेरॉन व मे या दोन पंतप्रधानांचं पद याच प्रश्नावर गेलं. मात्र बाहेर पडल्यामुळेच भारताशी स्वतंत्र करार त्यांना करता आला. त्यावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. तुमच्या मालाला त्यात किती सवलत आहे, ते एचएस कोडवरून, म्हणजे सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला असलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून, तपासा.